काम कोणाचे, कधीपर्यंत: जळगावातील कार्यालयीन जर्मनच्या वर्गाविषयी

जळगावात बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरणाऱ्या जर्मनच्या वर्गाने कामाचे नियोजन आणि कामाची वाटणी एवढ्याच विषयाला वाहिलेला बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. त्याच्या दुसऱ्या तुकडीत मी होते. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने वर्गाचे नाव देत नाही. शहरात असा अभ्यासक्रम दुसरा कोणी चालवत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला तो नावावाचूनही सापडेल.

मी येथील औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक पाइप तयार करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन पाहते. आमच्याकडे जर्मनीहून आलेली एक एक्स्ट्रूजन लाइन आहे आणि तिच्या उभारणीपासून सुट्या भागांपर्यंतचा सगळा व्यवहार माझ्या टेबलावरून होतो. तिकडचे अभियंते इंग्रजी बोलतात, परंतु त्यांच्या कामाची यादी जर्मनमध्ये असते. तिला ते ‘लिस्टे ऑफेनर पुंक्टे’, म्हणजे शिल्लक मुद्द्यांची यादी, असे म्हणतात. क्रमांक, मुद्दा, ‘त्सुश्टेंडिश’, मुदत आणि सद्यस्थिती असे पाच रकाने असलेली ही साधी तक्ता-फाइल दर सोमवारी सकाळी माझ्या ईमेलमध्ये येऊन पडते. ‘त्सुश्टेंडिश’ म्हणजे ज्याच्याकडे ते काम आहे तो, आणि त्या रकान्यात विभागाचे नाव कधीच नसते, माणसाचे आडनाव असते. पहिल्या यादीत एकोणीस मुद्दे होते आणि त्यांतील सात मुद्द्यांसमोर माझे आडनाव होते, हे मला भाषांतराच्या अॅपमधून तीन दिवसांनी समजले. त्या दिवशी मी वर्गाची चौकशी केली.

प्रवेशासाठी ए२ पातळीपर्यंतचे जर्मन यावे लागते, आणि ही अट वाजवी आहे. युरोपीय चौकटीत भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. ए२ म्हणजे दुकानात, स्थानकावर, शेजाऱ्यापाशी काम भागेल एवढी भाषा. तेथून बी१कडे जाताना जो दमछाक करणारा चढ लागतो, त्याच टप्प्यावर हा अभ्यासक्रम बसवला आहे. आमच्या तुकडीत अकरा जण होते: दोन परिचारिका, तीन अभियंते, केळी निर्यातीच्या व्यवसायातील एक तरुण, डाळ मिलचे हिशेब पाहणारे एक गृहस्थ आणि बाकीचे पदवीचे विद्यार्थी. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून आमच्याकडे जर्मनची चौकशी करणारे वाढले आहेत. मात्र त्यांतील बहुतेकांना परीक्षा हवी असते. कार्यालयात बसल्यावर लागणारी भाषा पुढे पाहू, असा त्यांचा विचार असतो.

शिकवणारे सर पुण्यात जर्मन शिकलेले असून त्यांनी काही वर्षे तांत्रिक भाषांतराचे काम केले आहे. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले: ‘वेअर माख्ट वास बिस वान’, म्हणजे कोण काय कधीपर्यंत करणार. पुढचे बारा आठवडे प्रत्येक वाक्य या पाच शब्दांच्या चाळणीतून गेले. त्यांनी आम्हा प्रत्येकाला आदल्या आठवड्यात कार्यालयात मराठीत दिलेली किंवा मिळालेली पाच आश्वासने लिहून आणायला सांगितली होती. माझ्या वहीतली अशी होती: ‘ते बघून घेऊ’, ‘आज-उद्यात करून टाकतो’, ‘सांगतो तुम्हाला’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, आणि आमच्या शॉप फ्लोअरवरच्या आप्पांचे नेहमीचे ‘व्हई जाई ताई’. या पाचांत मिळून एकही माणूस नव्हता आणि एकही तारीख नव्हती. ‘करून टाकतो’मध्ये कर्ता आहे असे वाटते खरे, परंतु आप्पांनी ते पुढे कोणाला सांगितले हे विचारायला गेले की तोही विरघळून जातो. सरांनी ती पाचही वाक्ये जर्मनमध्ये करायला लावली. ‘व्हई जाई’चे जर्मन ‘दास विर्ट एरलेडिग्ट’ असे झाले, म्हणजे ‘ते उरकले जाईल’. त्यावर सरांनी एकच प्रश्न विचारला: ‘फॉन वेम?’, म्हणजे कोणाकडून? हा प्रश्न पुढे वर्गात इतका रुजला की चहाचा कप कोणी धुवायचा याचे उत्तर कर्मणी प्रयोगात देणाऱ्यालाही तो ऐकावा लागे.

सरांनी याची दुसरी बाजूही लपवली नाही, हे मला विशेष आवडले. जर्मन माणूस नेहमी नेमके बोलतो हा समज त्यांनी तिसऱ्या आठवड्यातच मोडून काढला. ‘माल शाउएन’ म्हणजे शब्दशः आपले ‘बघू’, आणि ते तितकेच निसरडे असते. ‘मान म्युस्टे माल’ अशी सुरुवात झाली की ‘कोणीतरी एकदा हे करायला हवे’ असा अर्थ निघतो, आणि तो कोणीतरी बोलणारा स्वतः नसतो. ‘त्साइटनाह’, म्हणजे लवकरच, हा शब्द पत्रात दिसला की तारीख मागून घ्यावी, असे सरांनी बजावले होते. पुढच्याच आठवड्यात तो मला गिअरबॉक्सच्या सीलबद्दलच्या ईमेलमध्ये भेटला. मी तारीख मागितली आणि ती दुसऱ्या दिवशी आली.

व्याकरणातील सर्वांत उपयोगी भाग ‘लासेन’ या क्रियापदाचा होता. इंग्रजीतून शिकणाऱ्याला त्याचे अनेक अर्थ पाठ करावे लागतात, मराठी माणसाला मात्र त्यातला मुख्य अर्थ घरचाच आहे. ‘इश प्र्यूफे दास’ म्हणजे मी ते तपासते, आणि ‘इश लासे दास प्र्यूफेन’ म्हणजे मी ते तपासून घेते. करणे आणि करवून घेणे यांतला फरक आपण लहानपणापासून क्रियापदातच बोलत आलो आहोत. काम सोपवणाऱ्याने हा फरक पाळला नाही तर काय होते हे दाखवण्यासाठी सरांनी एक ईमेल दिला होता. त्यात पर्यवेक्षकाने ‘मी मोटार दुरुस्त करतो’ असे लिहिले होते आणि पलीकडून उत्तर आले होते की कृपया तुम्ही ती उघडू नका, हमी रद्द होईल. ‘करून घेतो’ असे लिहायचे राहून गेले होते, एवढेच. या एका क्रियापदावर दोन पूर्ण तास खर्च झाले आणि ते कमी पडले असेच मी म्हणेन.

वेळ आणि तारखा यांचा तास माझ्यासाठी थोडा लाजिरवाणा होता, कारण वर्गात येण्यापूर्वी मी ती चूक करून बसले होते. जूनमध्ये एका ऑनलाइन बैठकीची वेळ दूरध्वनीवर ‘हाल्प फीअर’ अशी सांगितली गेली. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा आणि ‘फीअर’ म्हणजे चार, म्हणून मी साडेचार धरले, उन्हाळ्यातला साडेतीन तासांचा फरक मिळवून आपल्याकडचे रात्रीचे आठ काढले आणि दोन फिटरना त्या वेळी थांबवून ठेवले. बैठक सातला सुरू होऊन संपलीही होती आणि तिकडचे लोक कार्यालयातून निघून गेले होते. जर्मनमध्ये ‘हाल्प फीअर’ म्हणजे साडेतीन, कारण ते चौथ्या तासाचा अर्धा भाग मोजतात. सरांनी यावर जे सांगितले ते मी आयुष्यात विसरणार नाही: आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून आला आहे, म्हणजे तिसऱ्यातला अर्धा, आणि ‘हाल्प द्राय’ची घडण नेमकी तशीच आहे. साडेतीनला मात्र आपण तो हिशेब सोडून पुढे ‘साडे’ लावत गेलो. एकवीस, बावीस हे आकडेही जर्मन आपल्यासारखेच एककापासून बोलतात. अंक ऐकून लिहिताना त्यांचे इंग्रजीत रूपांतर करू नका, मराठीतच ऐका, हा सरांचा सल्ला मी पाळला आणि सुट्या भागांचे क्रमांक टिपण्यातल्या माझ्या चुका जवळपास थांबल्या. एकोणतीसपाशी अजूनही अडखळते, कारण तेथे मराठी एक वजा करून मोजते आणि जर्मन सरळ नऊ आणि वीस म्हणते.

याच तासात ‘कालेंडरवोखे’चा विषय झाला. जर्मन कार्यालयात पुरवठ्याची मुदत पुष्कळदा तारखेने न सांगता वर्षातल्या आठवड्याच्या क्रमांकाने सांगतात आणि बोलताना ‘का-वे सव्वीस’ अशा धर्तीवर उच्चारतात. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा मानतात. आपल्याकडच्या तक्ता-फाइलमधले आठवडा काढण्याचे सूत्र काही न बदलता वापरले तर ते रविवारपासून मोजते आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात असेल त्यालाच पहिला ठरवते. त्यामुळे १ जानेवारी शुक्रवारी किंवा शनिवारी आला की वर्षभर एका आठवड्याची तफावत पडते. २०२७ हे असेच वर्ष आहे, तेव्हा आतापासूनच ज्यांचा कंटेनर न्हावाशेवाहून निघणार आहे त्यांनी सूत्र दुरुस्त करून ठेवावे. ‘शुक्रवारपर्यंत’ यात शुक्रवार धरायचा की नाही हा वाद आपल्याकडे बिल थकल्यावर होतो. तिकडे शंका उरू नये म्हणून ‘बिस आइनश्लीसलिश फ्रायटाग’, म्हणजे शुक्रवार धरून, असे लिहिता येते.

नम्रतेच्या वाक्यरचना चांगल्या शिकवल्या, परंतु त्यांत आम्हाला फारसे अवघड काही नव्हते. ‘क्योंटेन झी बिटे’ने सुरू होणारी विनंती आणि आपले ‘कराल का’ यांचा बाज सारखाच आहे. ‘डू’ आणि ‘झी’ यांच्यातली सीमा तू आणि तुम्ही वापरणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. एक गोष्ट मात्र वेगळी निघाली. आपल्याकडे मोठ्या माणसाला काम सांगताना आपण वाक्य मऊ करता करता तारीखच गिळून टाकतो. ‘आप्पा, जमलं तर तेवढं पाहून घ्या’ यात आदर पुरेपूर असतो आणि काम अर्धवट. सरांनी दाखवले की क्रियापद कितीही मऊ केले तरी ‘बिस मिटवोख’ जागचे हलवायचे नाही. विनंती विनंतीच राहते आणि बुधवारही बुधवारच राहतो. हे वाक्य मी कारखान्यात मराठीतच वापरून पाहिले. आप्पा पहिल्यांदा गप्प राहिले, मग म्हणाले, ‘ताई, बुधवारी नही व्हनार, गुरुवारी देस.’ मला हवे होते ते हेच होते, आणि येथूनच माझी मुख्य तक्रार सुरू होते.

हा अभ्यासक्रम काम देणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहिलेला आहे. बारा आठवड्यांत आम्ही काम सोपवले, आठवण करून दिली, पाठपुरावा केला, बैठकीचे इतिवृत्त लिहिले आणि रजेवर जाताना कामाचा भार दुसऱ्याकडे दिला. परंतु ज्याच्यावर काम पडते त्याने काय बोलायचे, हे फक्त अकराव्या आठवड्यात अर्ध्या तासात उरकले. आमच्या वर्गातील अकरांपैकी तिकडे गेल्यावर पहिल्या दिवशी कोणीही साहेब होणार नाही. परिचारिकेला पाळीच्या वेळापत्रकात काम मिळेल, अभियंत्याला यादीतल्या एका ओळीत आपले आडनाव दिसेल, आणि माझ्यासारखीला सोमवारी सात मुद्दे येतील. त्या वेळी लागणारे वाक्य ‘दास शाफे इश बिस फ्रायटाग निश्ट’ हे आहे, म्हणजे हे माझ्याकडून शुक्रवारपर्यंत होणार नाही. त्याच्यामागोमाग लागते ते ‘का’ आणि ‘मग कधी’ याचे उत्तर. दोन कामांतले आधी कोणते, असे विचारता आले पाहिजे, आणि हे काम माझ्याकडे कसे आले, असेही. आम्ही खानदेशी माणसे पाहुण्याला ताटावरून ‘नको’ म्हणू देत नाही आणि कामाला स्वतः ‘नको’ म्हणत नाही. होकार देऊन मुदत चुकवणे आम्हाला नकार देण्यापेक्षा सभ्यपणाचे वाटते. जर्मन ग्राहकाच्या दृष्टीने हिशेब अगदी उलट असतो: सोमवारी आलेला नकार तो यादीत टिपून पुढच्या तजविजीला लागतो, आणि शुक्रवारी कळलेला नकार त्याला फसवणुकीसारखा वाटतो. नेमका हाच सराव कमी, आणि तोही शेवटी. मी सरांशी बोलले तेव्हा त्यांनी मान्य केले की साचा बाहेरून घेतलेला आहे आणि तो व्यवस्थापकांसाठी होता.

दुसरी तक्रार छापील टिपणांची. ती सगळी इंग्रजीतून आहेत. वर्गात सर मराठीतून जे सहज उलगडत होते ते कागदावर नव्हते, त्यामुळे एखादा तास बुडला की मराठीचा आधारही बुडत असे. वास्तविक मराठी माणसाला जर्मनमध्ये किती गोष्टी फुकट मिळतात! तीन लिंगे आपल्याला सवयीची आहेत. तो अहवाल, ती मुदत आणि ते इतिवृत्त यांची जर्मन लिंगेही तशीच आहेत: देअर बेरिश्ट, दी फ्रिस्ट, दास प्रोटोकोल. हे योगायोग आहेत, आणि ते पत्र तिकडे पुल्लिंगी व ते काम तिकडे स्त्रीलिंगी होते हेही खरे, पण शब्दागणिक लिंग असते हे तरी कोणी पटवून द्यावे लागत नाही. सहकाऱ्याला काम देताना लागणारा ‘ला’ जर्मनमध्ये ‘देम’ होतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या मुलांना घाम फुटतो आणि आपल्याला घरी आल्यासारखे वाटते. चाकातला ‘च’ म्हणता येणाऱ्याला जर्मन ‘त्स’चा उच्चार शिकवावा लागत नाही. एवढे असताना मराठी टिपणे नसावीत, हे शुल्क भरणाऱ्याला खटकते.

परीक्षेविषयी थोडेसे. वर्ग स्वतः प्रमाणपत्र देतो, पण त्याला बाहेर फारशी किंमत नाही, आणि हे ते आधीच सांगतात. ज्यांना ग्योथे संस्थेची परीक्षा द्यायची आहे त्यांना पुणे किंवा मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनाचा रस्ता धरावा लागतो. बी१ची परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांत असून प्रत्येक भागात शंभरपैकी साठ गुण लागतात. या अभ्यासक्रमाचा तिथे थेट उपयोग होतो, कारण संभाषणाच्या पहिल्या भागात दोघा परीक्षार्थींनी मिळून एखाद्या गोष्टीचे नियोजन करायचे असते. कोण काय करणार हे तिथेही ठरवावे लागते. आमच्यातील एक परिचारिका याच भागात सर्वांत चांगली बोलल्याचे तिने परत आल्यावर सांगितले. लेखनात मात्र मत मांडण्याचा एक प्रश्न असतो आणि त्याची तयारी इथे अजिबात होत नाही, तेव्हा ती वेगळी करावी.

जागेबद्दल सांगायचे तर खोली नीटनेटकी आहे, पण पश्चिमेची खिडकी आणि मे महिन्यातली दुपार यांचा मेळ जळगावात कोणाचाच बसत नाही. कूलर लावला की ऐकण्याचा सराव ऐकू येत नाही, बंद केला की सराव करवत नाही. आमच्या मागणीवरून शेवटचे चार आठवडे वर्ग सकाळी साडेसातला हलवला. तो बदल कायम ठेवावा. वर्गाचे ध्वनिमुद्रण मिळेल असे सुरुवातीला सांगितले होते, मिळाले ते निम्म्याच तासांचे, आणि त्यांतल्या दोन फाइलमध्ये फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज होता. आठवण केल्यावर कार्यालयातून उत्तर आले: ‘बघून कळवतो.’ मी ‘फॉन वेम’ विचारले नाही, कारण टेबलावर दुसरे कोणी नव्हतेच.

ए२ पूर्ण झालेल्या, जर्मन कंपनीशी रोजचा पत्रव्यवहार असलेल्या किंवा वर्षभरात तिकडे जाणार असलेल्या माणसाने हा अभ्यासक्रम जरूर करावा. नुसती परीक्षा हवी असेल तर नेहमीचा बी१चा वर्ग बरा. नाव नोंदवताना मराठी टिपणांची आणि नकाराच्या सरावाची मागणी आधीच लेखी करावी. सरांनी पुढच्या तुकडीसाठी अकरावा आठवडा तिसऱ्यावर आणण्याचे कबूल केले आहे. मी त्यांना ‘बिस वान’ असे विचारले, तेव्हा त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारची तारीख माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिली.